पहिल्या धारेची

झाशीच्या सीपरी बाजारातला गलका मागे टाका आणि सव्वाचारशे वर्षांहूनही मागे या. साल असेल १५९५च्या आसपासचं. इथे बाजार नाही, झाशीचा किल्लाही अजून नाही. उन्हाळा लागलाय, मोहाखाली पहाटे गळालेल्या फुलांचा सडा पडलाय.

ओढ्याकाठी कलालाची भट्टी लागली आहे. तुम्ही शेजारी उकिडवे बसता. फुलं आंबवलेलं मडकं चुलीवर आहे. आत मधोमध एक वाटी, तोंडावर खोलगट झाकण, सांधा चिकणमातीनं लिंपलेला, झाकणात गार पाणी. पाणी कोमट झालं की कलाल नुसता हात हलवतो. तुम्ही ते उपसून दुसरं ओतता. आतली वाफ झाकणाच्या गार बुडाला लागते, थेंब होते, वाटीत पडते. जाळ जरा वाढला की तो लगेच लाकूड मागे ओढतो. मग पहिल्या धारेची तुमच्या बोटांवर ओततो आणि पेटती काटकी जवळ आणतो. निळसर ज्योत उठते. हात भाजत नाही!

याच सुमारास अकबराचा दरबारी अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त हेच लिहितोय. दारू उसाची, भांडं पितळी. पण आतली वाटी, वरचं गार पाणी, हातावरची ज्योत तीच. मोहाचीही दारू होते, हे तो नोंदवतो. १६०२ साली दख्खनहून परतताना ओरछाच्या वीरसिंह देवानं त्याला ठार मारलं. झाशीचा किल्ला १६१३ साली बांधला तो याच वीरसिंहानं.

'आईन' हस्तलिखितच होतं. छापील पुस्तक हवं तर १५०० सालच्या स्ट्रासबुर्गला चला. ग्र्यूनिंगरच्या छापखान्यात शल्यवैद्य ब्रुनश्विगचं ऊर्ध्वपातनावरचं पुस्तक छापलं जातंय. औषधी अर्क कसे काढावेत ते त्यात भट्ट्यांच्या चित्रांसह सांगितलंय. तिथून १५६३च्या गोव्यात उतरा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताचं 'कोलोकियुश' हे पुस्तक नुकतंच छापून झालंय. माडाची सूर भट्टीवर चढवतात, निघालेल्या दारूत भिजवलेलं फडकं पेट घेतं आणि उत्तम दारूला 'फूल' म्हणतात, असं तो लिहितो.

पहिल्या छापील पुस्तकांचा मान युरोपाचा, त्याबद्दल वाद नाही. पण ऑर्ता आणि अबुल फजल यांनी टिपली ती इथल्या भट्टीवाल्यांची विद्या. दारूच्या इतिहासात आधी त्यांना मानाचं पान द्यायला हवं.