काकींची चप्पल आणि साखरेची गोळी



आमच्या मिरजोळ्यात एक काकी आहेत. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. मधुमेहाची गोळी सुरू होऊन बारा-तेरा वर्षं झाली. गोळी कधी चुकली नाही, चहात साखर नाही. पण मागे एकदा असं व्हायला लागलं, की चालता चालता पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही. मागून कुणीतरी हाक मारायचं, "काकी, चप्पल राहिली!" रात्री तळपायांना मुंग्या यायच्या. ओळखीची नावं आठवायची नाहीत. आम्ही सगळ्याच म्हणालो, साखर आणि वय, दुसरं काय असणार? पुढे रक्त तपासलं तेव्हा साखर बरी निघाली. कमी होतं ते बी-१२ जीवनसत्त्व.

तेव्हापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न बसला. साखरेचा आजार, त्याची गोळी, ताटातलं अन्न आणि हे जीवनसत्त्व यांचा एकमेकांशी संबंध काय? शोधत गेलो तर त्याचा इतिहास निघाला. तोच आज सांगतो.

सुरुवात फार जुनी आहे. चरकसंहितेत प्रमेहाचं वर्णन आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी तेव्हाच टिपलं होतं. जवाचं अन्न या रोगात मुख्य सांगितलं आहे. आणि एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. चरक म्हणतात, प्रमेहाचे रोगी दोन तऱ्हेचे: एक जाड आणि बळकट, दुसरा बारीक आणि अशक्त. जाडाचं शरीर शोधून हलकं करायचं, पण बारकाला पोसायचं. दोघांना एकच उपाय नाही. आपण मात्र आजही म्हणतो, "ती एवढी बारीक, तिला कुठली साखर?" आणि साखर निघालीच, तर त्या बारीक बाईचं खाणं आणखी तोडतो.

आता एकदम मुंबईला येऊ. आपल्या रत्नागिरीतून घराघरातली माणसं गिरणीत गेली आणि गावाला मनीऑर्डरी आल्या, हे आपल्याला माहीत आहे. गिरण्यांमध्ये बायकाही राबत. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच पंडुरोग होत होता, त्यात रक्तातल्या पेशी मोठ्या पण कमी असत. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी संशोधन केलं आणि या बायका खातात काय, याची चौकशी केली. हा रोग जंतूंचा नसून ताटाचा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिल्यावर बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे छापलं. त्या अर्कातलं जे द्रव्य उपयोगी पडलं, ते म्हणजे आजचं फॉलिक अॅसिड. गरोदरपणी आपल्याला जी गोळी मिळते, तिच्या मुळाशी मुंबईच्या गिरणी कामगार बायका आहेत, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

इकडे मधुमेहावरही शोध चालू होते. १९२१ साली कॅनडात टोरांटोला इन्सुलिन सापडलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस काढत. त्याच १९२२ साली डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झालं. युरोपात गॅलेगा नावाची एक रानटी वनस्पती आहे, तिच्यातल्या द्रव्याशी याचं नातं आहे. पण माणसांच्या मधुमेहावर त्याचा उपयोग दाखवायला १९५७ साल उजाडलं. ते काम पॅरिसच्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी केलं. काकींची गोळी हीच. चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, जगभर चालते.

पण १९७१ सालीच डॉक्टरांनी छापून सांगितलं होतं, की ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या अंगात बी-१२ कमी होतं. अन्नातलं बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथेच ही गोळी आड येते. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षांचा साठा असतो. म्हणून कमतरता आज-उद्या दिसत नाही, साठा संपत आला की दिसते. तोवर वयही झालेलं असतं. मग मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसरणं हे सगळं म्हातारपणाच्या नावावर जातं.

इथे आणखी एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. बी-१२ची रचना कशी आहे, हे डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये उलगडलं. १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच बाईंनी १९६९ साली इन्सुलिनचीही रचना उलगडली. त्यावर त्या चौतीस वर्षं काम करत होत्या, तेही सांधेदुखीने वाकडी झालेली बोटं घेऊन.

हे दोन धागे आपल्या महाराष्ट्रात एकत्र आले ते पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण आपली बाळं नुसती लहान नव्हती. त्यांच्या अंगात मांस कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचं. पुढे मधुमेह होण्याची वाट अशी लहानपणापासूनच तयार होते, असं त्यांचं म्हणणं. चरकांनी सांगितलेला बारीक रोगी इथे पुन्हा भेटला.

त्या गावांतल्या तीनपैकी साधारण दोन गरोदर बायकांत बी-१२ कमी होतं. २००८ साली त्यांनी मांडलं, की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचं काम सर्वांत मंद दिसलं. याचा अर्थ गरोदर बाईने फॉलिक अॅसिडची गोळी सोडावी असा मुळीच नाही. ती घ्यायचीच. अर्थ एवढाच, की एक जीवनसत्त्व दिलं म्हणजे दुसऱ्याकडे बघायचं नाही, असं होत नाही. म्हातारपणीही तेच. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसू शकतं, आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

आता आपल्या कोकणच्या ताटाकडे बघू. उकडा तांदूळ, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, ओलं-सुकं मासळीचं कालवण. हे ताट तसं वाईट नाही. पण बी-१२ धान्यात, भाजीत, कडधान्यात नसतं. ते मासळीत, अंड्यात, मटणात आणि दुधा-दह्यात असतं. आणि आपल्या बायकांचं काय होतं बघा. श्रावण पाळायचा, वार पाळायचे. माळ घातली की मासळी सुटली. काही घरांत नवरा गेला की बाईच्या ताटातली मासळीही गेली. दूध नातवंडांना, दही पाहुण्यांना. सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई कालवणाच्या रश्शावर भागवते. काकींनीही माळ घातली आहे. श्रद्धा ज्याची त्याची, त्यावर आम्ही काही बोलणार नाही. पण माळ घातली त्या दिवसापासून वाटीभर दही आपल्यासाठीही काढून ठेवावं, एवढं म्हणतो.

अलीकडे आणखी एक कानावर येतं. परदेशात मधुमेह नसलेली माणसंही हीच गोळी तरुण राहण्यासाठी घेतात. निरोगी माणसाचं म्हातारपण या गोळीने लांबतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तसंच जाहिरातीतल्या शक्तीच्या डब्यांचं. काय कमी आहे हे तपासल्याशिवाय काय घालायचं हे कसं कळणार?

म्हणून आमचं सांगणं थोडंच आहे. साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काढा किंवा चूर्ण घेता म्हणूनही नको. पण ही गोळी चार-पाच वर्षं चालू असेल, मासळी सुटली असेल, किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "माझं बी-१२ तपासायचं का?" कमी निघालं तर त्याला इंजेक्शन आहे, गोळी आहे. आणि बारीक आहोत म्हणून साखर तपासायची टाळू नका.

काकींना डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, नावं आठवू लागली. पायाचा बधिरपणा मात्र थोडा राहिलाच. लवकर कळलं असतं तर कदाचित तोही राहिला नसता. आता त्या मागे पट्टा असलेली चप्पल घालतात. आमच्यातल्या कुणाचीही चप्पल निसटली, की आता आम्ही नुसती हाक मारत नाही. "मुंग्या येतात का गं?" हेही विचारतो. तुमच्या वाडीतही विचारा.