छावणींतून घराकडे

पहिल्या महायुद्धाची कथा सांगतांना मार्न, सॉम, आरास अशा रणांगणांचीं नांवें घेण्याची रीत आहे. परंतु त्या रणांगणांवर जाण्यापूर्वी लाखों इंग्रज पुरुषांनीं मायदेशांतील छावण्यांत जे महिने काढले, त्यांच्याकडे इतिहासाचें लक्ष सहसा जात नाहीं. तेथें शत्रु नव्हता कीं तोफांचा भडिमार नव्हता. लांकडी बराकी, चिखल, पहांटेचा बिगुल, दिवसभर कवाईत आणि टपालाची वाट, एवढाच तेथला व्यवहार. वीरश्रीला वाव नसलेल्या अशा ठिकाणीं माणसाला घर आठवतें. आणि ज्याला घरीं असतांना घर सोसवत नव्हतें, त्यालाहि आठवतें. एडवर्ड थॉमस ह्या इंग्रजी कवीची हकीकत ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

थॉमस १९१५ च्या जुलैंत ‘आर्टिस्ट्स रायफल्स’ ह्या पलटणींत साधा शिपाई म्हणून दाखल झाला, तेव्हां त्याचें वय ३७ वर्षांचें होतें. घरीं पत्नी हेलेन व तीन मुलें. त्याच्यावर कोणाची सक्ति नव्हती. ब्रिटनमध्यें सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला तो १९१६ च्या जानेवारींत, आणि विवाहित पुरुष त्याच्या कक्षेंत आले ते त्याच वर्षीच्या मे महिन्यांत. आपण कशासाठीं लढणार, हें ठाऊक आहे का, असें एलिनर फार्जन ह्या लेखिका मैत्रिणीनें विचारलें, तेव्हां त्यानें वांकून चिमूटभर माती उचलली आणि ती बोटांनीं चुरीत, हिच्यासाठीं, एवढेंच उत्तर दिलें. हें उत्तर पुष्कळांनीं उद्धृत केलें आहे, व तें सुंदरहि आहे. मात्र ज्या घराचा उंबरा ओलांडून हा मनुष्य निघाला होता, त्याचा त्यांत उल्लेख नाहीं.

हेलेन नोबल हिच्याशीं त्याचा विवाह १८९९ सालीं, तो ऑक्सफर्डला विद्यार्थी असतांनाच झाला. पुढील पंधरा वर्षें त्यानें केवळ लेखणीवर संसार ओढला. ग्रंथपरीक्षणें शेंकड्यांनीं लिहिलीं. प्रवासवर्णनें, चरित्रें प्रकाशकांच्या मागणीबरहुकूम पुरवलीं. ह्या वेठीनें तो खचला. औदासीन्याचे झटके येत, त्यांत तो बायकोला टाकून बोले आणि मग पश्चात्तापानें अधिकच काळवंडून जाई. आपल्या सावलीपासून घर मोकळें राहावें म्हणून तो आठवडेच्या आठवडे बाहेर काढी. नवें पुस्तक, नवी पायपीट, एखाद्या स्नेह्याचें घर, निमित्त कोणतेंहि चाले. हॅम्पशायरमधील स्टीप ह्या खेड्यांत हेलेन मुलें सांभाळीत त्याची वाट पाही. तो जाई आपल्या मर्जीनें आणि परते तोहि आपल्या मर्जीनें.

छावणींत ही मर्जी संपली. १९१५ च्या नोव्हेंबरांत त्याची रवानगी एसेक्स परगण्यांत रॉमफर्डजवळच्या हेअर हॉल येथील तळावर झाली. तेथून स्टीप गांठावयाचें म्हणजे लंडन ओलांडून पार पलीकडे जावयाचें, आणि तेंहि रजेची चिठ्ठी हातीं पडली तर. घराबाहेर पडण्याचें स्वातंत्र्य ज्यानें मनसोक्त भोगलें होतें, त्याला घरीं परतण्याचें स्वातंत्र्य म्हणजे काय, हें येथें प्रथम कळलें असावें.

नवलाची गोष्ट अशी कीं, ह्याच शिस्तींत त्याचें मन थाऱ्यावर आलें. पायाखालीं इंग्लंड तुडविलेल्या ह्या माणसाला नकाशे वाचण्याचें काम नवख्या शिपायांना शिकविण्यास नेमलें. तो कॉर्पोरल झाला. टेकडीचा उतार कागदावर कसा ओळखावा, होकायंत्रानें दिशा कशी धरावी, हें तो तरुण पोरांना समजावून देई. आणि फुरसत मिळेल तेव्हां कविता लिही. त्याची पहिली कविता १९१४ च्या डिसेंबरांतली. त्यानंतरच्या अवघ्या दोन वर्षांत त्यानें १४० हून अधिक कविता रचल्या, व त्यांतल्या पुष्कळ अंगावर गणवेश असतांना. छावणींत दिवे मालविण्याचा जो बिगुल वाजे, त्याचेंच नांव त्यानें एका कवितेला दिलें.

१९१६ च्या वसंतांत त्यानें घरच्या माणसांना उद्देशून चार कविता लिहिल्या. दोन मुली, एक मुलगा व पत्नी, प्रत्येकास एक. मोठ्या मुलीसाठीं केलेल्या कवितेंत त्यानें चाइल्डरडिच वगैरे एसेक्समधल्या जागा विकत घेऊन तिला देऊन टाकण्याचा लटका बेत केला आहे. ह्या जागा छावणीच्याच मुलखांतल्या. रोजचा एक शिलिंग पगार घेऊन भरती झालेला हा शिपाई, ज्या भूमीवर त्याला अडकवून ठेवलें होतें तीच लेकीला आंदण देतो, ह्यांतली थट्टा हेलेनला खचित कळली असेल. मुलांना देण्यासारखें कल्पनेंत तरी कांहीं सांपडतें. हेलेनची पाळी आली म्हणजे मात्र थट्टा मावळते. तिनें आपल्यापायीं जें गमावलें तें तिला परत मिळावें असें तो म्हणतो. अखेर स्वतःलाच द्यावें म्हणतो, परंतु तो ‘स्वतः’ कोठें दडला आहे ह्याचीच त्याला शंका. बायकोला लिहिलेल्या कवितेंत इतकें खरें बोलणारे कवि थोडे. तें वाचून हेलेनला सुख झालें असेल कीं दुःख, हें ठरविणें कठीण आहे.

हेअर हॉलच्या त्या सुरक्षित जागीं शिक्षक म्हणून राहणें त्याला शक्य होतें. तरीहि त्यानें तोफखान्यांत जाण्याचा अर्ज केला. १९१६ च्या शरदांत हेलेन मुलांसह एपिंगच्या रानांतील हाय बीच येथें राहण्यास आली. तें ठिकाण रॉमफर्डपासून जवळ. पण तोंपर्यंत थॉमस विल्टशायरमध्यें ट्रोब्रिज येथें तोफांचें शिक्षण घेत होता. नोव्हेंबरांत अधिकारी होऊन तो केंटमधील लिड येथें गेला, आणि डिसेंबरांत आपण होऊन फ्रान्सला जाण्यासाठीं त्यानें नांव दिलें. घराची ओढ लागलेला मनुष्य घरापासून आणखी दूर जाण्याची मागणी करतो, ह्याचा उलगडा चरित्रकारांनीं परोपरीनें केला आहे. हेलेनला मात्र त्या उलगड्याचा उपयोग नव्हता.

नाताळची रजा मिळणार नाहीं असें वाटत असतां ती अवचित मिळाली. त्यानंतर जानेवारींतली निरोपाची रजा. तिचें वर्णन हेलेननें पुढें आपल्या आठवणींत केलें आहे. एके वेळीं तो तिला आपलें होकायंत्र दाखवून त्याचा उपयोग समजावूं लागला. तिला कांहीं दिसेना. तिच्या डोळ्यांतला थेंब कांचेवर पडला, तसें त्यानें कांहीं न बोलतां तें मिटलें व ठेवून दिलें. ११ जानेवारी १९१७ रोजीं बर्फांतून व धुक्यांतून तो टेकडी उतरला. दोघें एकमेकांना हाका घालीत राहिलीं. प्रत्येक वेळीं उत्तर अधिक क्षीण होत गेलें, आणि मग आलेंच नाहीं.

फ्रान्सहून पाठविलेल्या एका पत्रांत त्यानें तिला लिहिलें त्याचा आशय असा, कीं आपल्याला सध्यां कांहीं वाटून घेणें परवडणार नाहीं. आपण जणूं जमिनीखालून भुयार खणीत चाललों आहों, आणि अशा वेळीं सूर्याचा विचार न केलेला बरा. ९ एप्रिल १९१७, ईस्टरचा सोमवार, आरासच्या लढाईचा पहिला दिवस. त्या सकाळीं थॉमस मारला गेला.

हेलेन त्याच्यामागें ५० वर्षें जगली. त्यांच्या संसाराची कथा तिनें १९२६ व १९३१ सालीं नांवें बदलून दोन पुस्तकांत मोकळेपणानें सांगितली, इतक्या मोकळेपणानें कीं थॉमसच्या कांहीं मित्रांना तें रुचलें नाहीं. १९३२ च्या सुमारास ती डार्टफर्डच्या वेड्यांच्या इस्पितळांत आयव्हर गर्नी ह्या कवि-संगीतकारास भेटावयास गेली. गर्नीहि त्याच युद्धांतला शिपाई, थॉमसच्या कवितांना चाली लावलेला. पुढल्या खेपेस तिनें थॉमसनें पायीं फिरतांना वापरलेले ग्लॉस्टरशायरचे नकाशे बरोबर नेले आणि ते गर्नीच्या खाटेवर पसरले. मग दोघेंहि बोट फिरवीत त्या वाटांनीं चालत राहिलीं.