यादीत नसलेला आजार

२२ जुलै १९२२ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेलचे डॉ. वॉल्टर जॉस यांनी नेली कर्शॉ या गिरणी कामगार बाईला कामास असमर्थ असल्याचा दाखला दिला. कारण लिहिलं, ॲस्बेस्टॉसची विषबाधा. तिशी नुकतीच ओलांडलेली ही बाई टर्नर ब्रदर्सच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसच्या सूतकताईच्या खात्यात होती.

हे निदानच तिच्या मुळावर आलं. आजार कामातून जडला, म्हणून राष्ट्रीय आरोग्य विम्याने भत्ता नाकारला. मग तिने कंपनीला लिहिलं: नऊ आठवडे घरी बसून आहे, एक पेनी मिळालेली नाही, पोटात अन्न जायला हवं, आणि यात माझा काही दोष नाही. कंपनीचं म्हणणंही कागदावर आहे. ॲस्बेस्टॉस विषारी नाही, असा आजार कुणाला ठाऊक नाही, आणि भरपाईच्या कायद्याच्या यादीत तर तो नाहीच.

यादीचं खरं होतं. पण १९०६ साली ही यादी ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे लंडनच्या डॉ. मॉन्टेग्यू मरी यांनी एका रुग्णाची हकिकत सांगितली होती. ॲस्बेस्टॉस पिंजण्याच्या खात्यात दहा जण होते, त्यांतला मी एकटा उरलो, असं तो म्हणाला होता. १९०० मध्ये तोही गेला; फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण निघाले. इतर नऊ जणांबद्दल मात्र त्याच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, अशी पुस्ती मरींनी जोडली. ॲस्बेस्टॉस यादीबाहेर राहिलं. गिरणीची हजेरीवही मागवणं इतकं का अवघड होतं?

नेली १४ मार्च १९२४ रोजी वारली. कोरोनरच्या चौकशीसाठी विगनचे डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली. क्षयाचे जुने व्रण होते. घाईतल्या माणसाला तेवढं पुरलं असतं. कुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धारदार कडांचे खनिज कण पाहिले, लांबी ३ पासून जवळपास ३९४ मायक्रॉनपर्यंत. ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी ते ताडून पाहिले आणि मृत्यूचं मूळ कारण हेच, असा निर्वाळा दिला. जुलैत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला.

श्रेय कुक यांना मिळतं, ते योग्यच. मला मात्र चौकशीतली जॉस यांची साक्ष अधिक मोलाची वाटते: असे १०-१२ रुग्ण आपण दरवर्षी पाहतो, असं त्यांनी सांगितलं. कोण कुठल्या खात्यात राबतं, हे त्यांना ठाऊक होतं. धुळीच्या आजाराचं निदान आजही त्याच प्रश्नापासून सुरू होतं.

दफनाच्या खर्चाला हातभार लावायलाही कंपनीने नकार दिला. पायंडा पडेल आणि जबाबदारी कबूल केल्यासारखं होईल, हे कारण. पायंड्याची धास्ती अगदीच निराधार नव्हती म्हणा. १९३० च्या सरकारी अहवालासाठी डॉ. मेरवेदर यांनी ३६३ ॲस्बेस्टॉस कामगार तपासले, तेव्हा ९५ जणांची फुप्फुसं घट्ट झालेली निघाली.