कटू, कडू आणि तिखट

सेमिनरीत असताना एकदा खोकल्याने बेजार झालो, तेव्हा स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बंधूंनी आम्हांला मधातून 'त्रिकटु' चूर्ण चाटावयास दिले. नाव ऐकून आम्ही कारल्याच्या चवीची तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात जिभेला चटका बसला. सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिघींचे ते चूर्ण. त्यात कडू असे काहीच नव्हते.

आयुर्वेदाच्या षड्रसांत 'कटु' म्हणजे मिरी-सुंठीचा झोंबणारा रस, आणि कडुनिंब-कारल्याचा तो 'तिक्त'. मराठीतला 'कडू' या 'कटु'पासूनच आला. मात्र येताना अर्थ पालटून आला. मग झोंबणाऱ्या चवीची रिकामी जागा 'तीक्ष्ण'पासून निघालेल्या 'तिखटा'ने घेतली. गंमत अशी की, 'तिक्त' आणि 'तीक्ष्ण' ही दोन्ही 'तिज्' म्हणजे धार लावणे या एकाच धातूची लेकरे. एक निंबाकडे गेले, दुसरे मिरीकडे. बंगालीत 'तेतो' म्हणजे आजही कडूच. हिंदी मुलखात मोहरीच्या तेलाला 'कडवा तेल' म्हणतात. ते नाकाला झोंबते म्हणून. 'कटु'चा जुना अर्थ तेवढ्या एका बाटलीत शिल्लक आहे!

आज घरात 'तिखट' म्हटले की लाल मिरचीची पूडच पुढे येते. पण मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपल्या पूर्वजांची जीभ मिरीवरच झणझणत होती. म्हणून तर पाहुणीला नावही मिरीवरूनच मिळाले. गोव्यातल्या 'मिरसांगे'तही मिरीच बसलेली आहे. स्पॅनिश लोकांनीही तेच केले होते.

धारेकडून कडवटपणाकडे जाण्याची ही वाट केवळ आपल्याच भाषांची नव्हे. ग्रीक 'पिक्रोस' या शब्दाचा मूळ अर्थ टोकदार, अणकुचीदार. होमर तो बाणाला लावतो. पुढे तोच कडू चवीचा शब्द झाला. वल्हांडणाच्या कडू भाज्यांसाठी ग्रीक जुन्या करारात याच कुळातला शब्द आहे. आणि कोंबडा आरवल्यावर संत पेत्र बाहेर जाऊन रडले, त्या रडण्याचे वर्णन करतानाही संत मत्तयाने याच शब्दाचे रूप योजिले आहे. आम्ही कित्येक वर्षे प्रवचनांतून त्या अश्रूंना कडू म्हणत आलो. त्यांत बाणाचे टोकही होते, हे ध्यानी यायला केस पिकावे लागले.