अंत्यदर्शन कोणाचे, शोक कोणाचा?
प्रतिनिधी, मुंबई

अभिनेत्री श्रीदेवी यांचे पार्थिव २७ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री दुबईहून मुंबईत आले. त्याच सुमारास कुटुंबीयांच्या वतीने प्रसिद्धी माध्यमांना एक छोटेसे निवेदन देण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधेरीच्या सेलिब्रेशन स्पोर्ट्स क्लबमध्ये अंत्यदर्शन होईल, दुपारी अंत्ययात्रा निघेल आणि विलेपार्ले येथे पवन हंसजवळच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार होतील, असा त्यात तपशील होता. पत्रकारांनाही श्रद्धांजली वाहता येईल, मात्र कॅमेरे व ध्वनिमुद्रणाची साधने सभागृहाबाहेर ठेवावी लागतील, अशी अटही त्यात घालण्यात आली होती.

या अटीमागे तीन दिवसांचा इतिहास होता. २४ फेब्रुवारीच्या रात्री श्रीदेवी यांचे दुबईतील हॉटेलात निधन झाले. प्रथम हृदयविकाराचा झटका हे कारण सांगितले गेले. २६ फेब्रुवारीला दुबईतील न्यायवैद्यक अहवालाच्या आधारे बाथटबमध्ये अपघाताने बुडून मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. प्रकरण तेथील सरकारी अभियोग कार्यालयाकडे गेले आणि २७ तारखेला त्या कार्यालयाने पार्थिव नेण्यास परवानगी देऊन प्रकरण बंद केले. मृत्यूचे कारण बदलले, ही बातमी होती आणि ती देणे हे माध्यमांचे कामच होते. परंतु दोन अधिकृत घोषणांच्या मधल्या तासांत सांगण्यासारखे नवे काहीच नव्हते आणि थेट प्रक्षेपण मात्र थांबवायचे नव्हते. ही पोकळी अनेक वाहिन्यांनी कल्पनेने भरून काढली. पडद्यावर संगणकाने रेखाटलेले बाथटब आले, त्यांच्या शेजारी निवेदक उभे राहिले. एका तेलुगू वाहिनीचा प्रतिनिधी तर स्वतः बाथटबमध्ये आडवा झाला. त्यावर समाजमाध्यमांत प्रेक्षकांनीच ‘न्यूज की मौत’ असा शेरा मारला.

लोकांचा हक्क जुनाच

सार्वजनिक जीवनातील व्यक्तीच्या अंत्यविधीवर समाजाचा काहीच हक्क नाही, असे म्हणणे महाराष्ट्राच्या इतिहासाशी जुळणारे नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत सरदारगृहात निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर नेहमीच्या स्मशानात नव्हे, तर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार करावे लागले, कारण लोटलेल्या जनसागराला दुसरी जागा पुरली नसती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईत आणण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अंत्यविधी झाला. त्या जागेची पुढे चैत्यभूमी झाली. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेत लोटलेली गर्दी शिवाजी पार्कने पाहिली, आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांना निरोपही तेथेच देण्यात आला.

अंत्यदर्शन हा शब्दच मुळी समाजाचा आहे. ज्याला हयातीत दुरून पाहिले, त्याला एकदा जवळून पाहून हात जोडावेत, ही त्यामागची भावना. मात्र आपल्याकडील रीत या हक्काबरोबर संयमही शिकवते. शोकाच्या घरी समाचाराला गेलेला माणूस फारसे बोलत नाही, थोडा वेळ बसतो आणि निघताना ‘येतो’ असेही म्हणत नाही. रस्त्याने अंत्ययात्रा जात असेल तर अनोळखी माणूसही क्षणभर थांबून हात जोडतो. पाहणे आणि न्याहाळणे यांतला फरक या रीतीला नेमका ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या झूमला तो ठाऊक नाही.

दुसरा हक्क करदात्याचा. श्रीदेवी यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली होती. त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, पार्थिव तिरंग्यात होते आणि पोलिसांनी मानवंदना दिली. हा मान कोणत्या निकषावर दिला गेला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. मुख्यमंत्र्यांच्या तोंडी आदेशावरून तो दिल्याचे पुढे माहिती अधिकारात उघड झाले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये अभिनेते शशी कपूर यांनाही असाच निरोप देण्यात आला होता. राष्ट्रध्वज संहितेनुसार शासकीय, लष्करी व निमलष्करी अंत्यविधींखेरीज तिरंगा पार्थिवावर घालता येत नाही. ध्वजाची केशरी बाजू मस्तकाकडे असावी लागते आणि ध्वज चितेत जाऊ द्यायचा नसतो. त्यामुळे शासकीय इतमामाबद्दल प्रश्न विचारणे हा आगाऊपणा नसून पत्रकाराचे कर्तव्य आहे. गंमत अशी की, हा प्रश्न बाथटबच्या तुलनेत फारच थोड्यांनी लावून धरला.

नियम आहेत, दात नाहीत

पत्रकारितेला या बाबतीत नियमच नाहीत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत व्यक्तिगत शोकाच्या क्षणांवर छायाचित्रणाद्वारे आक्रमण टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. अपघात व नैसर्गिक आपत्तीतील छायाचित्रांना व्यापक जनहिताचा अपवाद ठेवला आहे. परंतु १९७८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही परिषद मुद्रित माध्यमांसाठी आहे. ती ताशेरे मारू शकते, समज देऊ शकते. दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्यांसाठी त्यांच्याच संघटनेने स्थापन केलेली स्वनियमन यंत्रणा आहे. तिला दंड करता येतो, पण तोही एक लाख रुपयांपर्यंतच.

या यंत्रणेची कसोटी लागली ती १४ जून २०२० रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर. मृतदेहाची छायाचित्रे त्याच दिवशी मोबाईलवरून फिरू लागली आणि ती पसरवू नयेत, असा इशारा महाराष्ट्र सायबर पोलिसांना द्यावा लागला. काही हिंदी वाहिन्यांनी मृतालाच उद्देशून प्रश्न विचारणाऱ्या पट्ट्या पडद्यावर झळकवल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये स्वनियमन यंत्रणेने अनेक वाहिन्यांना जाहीर माफी मागण्याचा आदेश दिला. त्याच्या नावावरील बनावट ट्विट दाखवल्याबद्दल एका वाहिनीला एक लाखाचा दंडही झाला. वाहिनीच्या जाहिरातींच्या दरांशी या रकमेची तुलना न केलेलीच बरी. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एवढा दंड परिणामकारक ठरतो काय, अशी पृच्छा केली.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने १८ जानेवारी २०२१ रोजी या संदर्भात दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्याविरुद्धचा निकाल म्हणून तो ओळखला जातो. पण त्यातील एका मार्गदर्शक सूचनेकडे तितकेसे लक्ष गेले नाही. आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीला दुबळ्या चारित्र्याची म्हणून रंगवू नये आणि मृताच्या खासगीपणावर कोणत्याही प्रकारे आक्रमण करू नये, असे न्यायालयाने बजावले.

मृताला खासगीपणा असतो काय, यावर मात्र न्यायालयांचे सूर वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो जिवंत माणसाचा. मृतदेहाला सन्मानाने निरोप मिळावा, हे तत्त्वही न्यायालयांनी घटनेच्या कलम २१ मधून काढले आहे. परंतु सुशांतसिंहच्या वडिलांनी एका चित्रपटाविरुद्ध केलेल्या दाव्यात जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, वारसांकडे जात नाही, असे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयानेही जयललिता यांच्यावरील चित्रपटाच्या प्रकरणात २०२१ मध्ये हीच दिशा धरली होती. म्हणजे देहाचा सन्मान राखायचा, पण त्या देहाभोवती बसलेल्या आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या वतीने बोलायला मृताचा खासगीपणा उपयोगी पडत नाही.

फौजदारी कायद्यात एक जुने कलम आहे. १८६० च्या भारतीय दंड विधानातील कलम २९७, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३०१. स्मशानात घुसखोरी, मृतदेहाची विटंबना आणि अंत्यविधीसाठी जमलेल्यांना त्रास देणे हे त्यात गुन्हे आहेत. पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो किंवा त्या दुखावतील याची जाणीव तरी असावी लागते. हुंदके देणाऱ्या मुलीसमोर कॅमेरा धरणाऱ्याचा हेतू एवढाच असतो की, शेजारच्याआधी आपले चित्र कार्यालयात पोहोचावे. कायदा लिहिणाऱ्यांनी अशा माणसाची कल्पना केलेली नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता २००४ मध्ये वेगळ्या वाटेने सोडवला. अध्यक्ष क्लिंटन यांचे सहकारी व्हिन्स फॉस्टर यांच्या १९९३ मधील मृत्यूच्या जागेची छायाचित्रे माहितीच्या कायद्याखाली मागण्यात आली होती. ती नाकारताना न्यायालयाने मृताच्या हक्काचा आधार घेतला नाही. आप्ताच्या मृत्यूचे चित्र जगाने पाहू नये, हे हित खुद्द कुटुंबीयांचे आहे, आणि मृतांच्या संस्कारांविषयीचा आदर सर्व समाजांत आढळतो, असे न्यायालयाने एकमताने मान्य केले. आपल्याकडे अशी स्पष्ट भूमिका घेतली गेल्यास मृताच्या हक्काचा वाद बाजूला ठेवता येईल.

डायनाची अंत्ययात्रा

या विषयाची चर्चा ब्रिटनच्या राजकन्या डायना यांच्यापाशी आल्याशिवाय राहत नाही. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या बोगद्यात छायाचित्रकारांचा पाठलाग चालू असताना त्यांच्या मोटारीला अपघात झाला. २००८ मध्ये लंडनच्या चौकशीत ज्युरींनी मद्यधुंद चालक आणि पाठलाग करणारी वाहने या दोहोंच्या घोर निष्काळजीपणावर ठपका ठेवला. ६ सप्टेंबर १९९७ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा भाऊ चार्ल्स स्पेन्सर यांनी शिकारीच्या देवतेचे नाव धारण करणारी ही स्त्री या युगातील सर्वाधिक पाठलाग झालेली व्यक्ती ठरली, असे शब्द उच्चारले. बाहेरच्या गर्दीत टाळ्या सुरू झाल्या आणि त्या आत पोहोचल्या.

तथापि त्या आठवड्यात एक विसंगतीही घडली. ज्या वृत्तपत्रांवर लोकांचा रोष होता, त्यांनीच पहिल्या पानांवरून राणी कोठे आहे, राजवाड्यावर ध्वज अर्ध्यावर का नाही, असा सवाल सुरू केला. स्कॉटलंडमध्ये नातवंडांजवळ असलेल्या राणीला लंडनला परतून दूरचित्रवाणीवर बोलावे लागले. कुटुंबाने आपला शोक दाखवला पाहिजे, अशी ही मागणी होती. पंधरा आणि बारा वर्षांची दोन मुले आईच्या शवपेटीमागून जगाच्या डोळ्यांदेखत चालली. असे करायला कोणत्याही मुलाला सांगू नये, असे प्रिन्स हॅरी यांनी २०१७ मध्ये म्हटले. दफन मात्र ऑल्थॉर्प येथील तळ्यातल्या बेटावर, कॅमेऱ्यांपासून दूर झाले. पुढील जानेवारीत ब्रिटिश वृत्तपत्रांची आचारसंहिता कडक करण्यात आली.

मुंबईत परिस्थिती पालटली ती साधनांमुळे. पूर्वी स्मशानभूमीच्या दाराशी वृत्तपत्रांचे मोजके छायाचित्रकार असत आणि कोणते चित्र छापायचे, हे रात्री संपादक ठरवी. थेट प्रक्षेपणात ही रात्रच उरली नाही. त्यात समाजमाध्यमांसाठी चित्रफिती टिपणाऱ्यांची भर पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये अभिनेता सिद्धार्थ शुक्ला याच्यावर ओशिवरा येथे अंत्यसंस्कार झाले, तेव्हा गाडीत रडणाऱ्या त्याच्या मैत्रिणीच्या काचेवर कॅमेरे टेकले होते. लतादीदींच्या अंत्यदर्शनावेळी शाहरुख खान यांनी दुवा मागून फुंकर घातली, त्या क्षणाची चित्रफीत कापून ते थुंकले, असा कांगावा करण्यात आला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्येष्ठ अभिनेते धर्मेंद्र रुग्णालयात असताना ११ तारखेला अनेक माध्यमांनी त्यांच्या निधनाचे वृत्त देऊन टाकले. हेमामालिनी यांना ते जाहीरपणे खोडून काढावे लागले. घरी परतलेल्या वडिलांच्या दारात तळ ठोकून बसलेल्या छायाचित्रकारांवर सनी देओल संतापले. २४ नोव्हेंबरला वयाच्या ८९ व्या वर्षी धर्मेंद्र गेले. सार्वजनिक अंत्यदर्शन न ठेवता त्याच दिवशी विलेपार्ले येथे अंत्यसंस्कार उरकण्यात आले. सहा दशके त्यांचे चित्रपट पाहणाऱ्या चाहत्यांना त्यांना शेवटचे पाहता आले नाही. सात वर्षांपूर्वी श्रीदेवी यांच्या वेळी याच शहरात निदान सभागृहाचे दार उघडे होते, कॅमेरे तेवढे बाहेर ठेवायचे होते.