पत्रांतून जुळलेलं वऱ्हाडी लग्न

संत्र्याच्या तोडणीचे दिवस आहेत, कापूस वेचणीही सुरू आहे, त्यामुळे तुम्ही हे बोलणं वावरात ऐकत असाल नाही तर भाकरी थापताना. हात चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आजचा विषय गोड आहे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांचं प्रेम.

आजकाल बाजारात हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या येतात. त्यातली गोष्ट बहुतेक अशी असते. मुलगी पुस्तकवेडी, मुलगाही पुस्तकवेडा. वाचनालयात एकाच पुस्तकाला दोघांचा हात लागतो. मग भेटी होतात, गप्पा होतात, रुसवे होतात आणि शेवटी लग्न. अशा भेटींना शहरातली मुलं डेटिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे, ‘प्रकरण’! आपल्याला वाटतं, हे सगळं पुण्या-मुंबईचं नाही तर साहेबांच्या देशातलं. पण शंभर वर्षांपूर्वी अशीच एक गोष्ट खरोखर घडली. त्यातली मुलगी आपल्या अमरावतीची आणि मुलगा अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा.

ती गोष्ट सांगण्याआधी थोडं मागं जाऊ. बाईनं पुस्तक हातात धरणं हीच मोठी गोष्ट होती, तो काळ पाहू.

मराठीतली पहिली कादंबरी ‘यमुनापर्यटन’. बाबा पदमनजींनी ती १८५७ साली लिहिली. त्यात विधवांच्या हालांची कहाणी आहे. म्हणजे आपल्या भाषेतल्या कादंबरीची सुरुवातच बाईच्या दुःखापासून झाली. त्यानंतर ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुत गोष्टींच्या कादंबऱ्या आल्या. गंमत म्हणजे ‘कादंबरी’ हे नावसुद्धा एका बाईचं. बाणभट्टाच्या संस्कृत कथेतली नायिका कादंबरी, तिच्यावरून आपण सगळ्या लांब गोष्टींना कादंबरी म्हणू लागलो.

गोष्टी बाईच्या होत्या, पण त्या वाचणारी बाई कुठं होती? रमाबाई रानडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८७३ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नव्हती. नवरा न्यायमूर्ती रानडे, वयानं वीस वर्षांनी मोठे, मोठे विद्वान. त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. नवऱ्याचं ऐकावं तर घरातल्या बायका रागावणार, बायकांचं ऐकावं तर नवरा दुखावणार. या कात्रीत सापडलेल्या मुलीनं पुढे १९१० साली आपल्या आठवणी लिहिल्या. त्या आजही वाचण्यासारख्या आहेत.

दुसऱ्या काशीबाई कानिटकर. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं. नवरा शिकलेला, त्याला वाचणारी बायको हवी होती. काशीबाई चोरूनमारून वाचायला शिकल्या. इतक्या शिकल्या की त्यांनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं आणि पुढे ‘रंगराव’ नावाची कादंबरीही लिहिली.

त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात छापायला सुरुवात केली. त्यातली यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचा नवरा समजूतदार आहे, तिला शिकवतो, तिच्याशी बोलतो. पण तो जातो आणि यमूच्या वाट्याला केशवपनासकट विधवेचे सगळे हाल येतात.

या तिन्ही गोष्टींत एक धागा सारखाच आहे. पुस्तकामुळे नवरा-बायकोत जवळीक झाली खरी, पण ती लग्नानंतर. आधी लग्न, मग पाटी, मग ओळख. माणूस कसा निघतो, हे बाईच्या नशिबावर. रमाबाईंचं नशीब बरं होतं. यमूला नवरा बरा मिळाला, पण तो जाताच तिच्या हाती काही उरलं नाही. लग्नाच्या आधी माणूस ओळखायची सोय कोणाला नव्हती, तिला नव्हती आणि त्यालाही नव्हती.

आता आपल्या वऱ्हाडातल्या दोघांकडे येऊ.

कुसुम जयवंत यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ चा, अमरावतीचा. आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म १९०१ चा, मूर्तिजापूरचा. मूर्तिजापूर म्हणजे आपल्या शकुंतला रेल्वेचं जंक्शन. दोघांची गावं शेजारशेजारची, पण जवळीक झाली ती शिक्षणाच्या वाटेवर, पुण्यात. दोघांनाही वाचनाचं वेड. आत्माराम कविता लिहायचे आणि ‘अनिल’ या नावानं छापायचे. अनिल म्हणजे वारा. कुसुम म्हणजे फूल. नावंसुद्धा कशी जुळली पाहा!

१९२२ पासून दोघांची पत्रं सुरू झाली. तेव्हा मुलीनं परक्या मुलाला पत्र लिहिणं म्हणजे केवढं धाडस होतं, हे तुम्हाला सांगायला नको. फोन नाही, फोटो पाठवायची सोय नाही. पत्र टपालात टाकायचं आणि उत्तराची वाट पाहायची. या पत्रांत प्रेम आहेच, पण नुसतं ‘तू आवडतेस, तू आवडतोस’ एवढंच नाही. वाचन आहे, कविता आहे, मनातले विचार आहेत. ही पत्रं पुढे १९७२ साली ‘कुसुमानिल’ या नावानं पुस्तकरूपानं आली. कोणाही शहाण्या माणसानं आपली खासगी पत्रं पेटीत बंद ठेवली असती. पण ती छापली गेली, म्हणून शंभर वर्षांपूर्वी दोन वऱ्हाडी तरुण माणसं एकमेकांशी कशी बोलत होती, हे आज आपल्याला कळतं. इतिहास राजांच्या लढायांत असतो तसा तो अशा पत्रांतही असतो.

पत्राचा एक गुण आहे. ते लिहिताना विचार करावा लागतो. रागाच्या भरात लिहिलेलं सकाळी फाडून टाकता येतं. समोरच्याचं पत्र पुन्हापुन्हा वाचता येतं. हा माणूस माझ्या म्हणण्याला उत्तर देतो की आपलंच घोडं दामटतो? मी शिकते आहे याचा त्याला आनंद आहे की धास्ती? माझं मत त्याच्यापेक्षा वेगळं निघालं तर तो रुसतो की ऐकतो? चेहरा पाहून हे कळत नाही. बोलण्यातून, लिहिण्यातून कळतं. पाहुणे येतात, पोहे होतात, ‘स्वयंपाक येतो का’ विचारून निघून जातात. त्या अर्ध्या तासात यातलं काय कळणार बाप्पा?

कुसुम शिकत राहिल्या. विलायतेला गेल्या, लंडन विद्यापीठाची इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन आल्या. १९२९ साली दोघांचं लग्न झालं. म्हणजे पहिल्या पत्रांपासून सात वर्षांनी. नवरीचं वय पंचविशीला टेकलेलं.

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच १९२९ साली देशात शारदा कायदा मंजूर झाला. मुलीचं लग्न चौदा वर्षांच्या आत करू नये, एवढंच तो कायदा सांगत होता. तेवढ्यावरूनही देशभर आरडाओरड झाली. धर्म बुडाला म्हणून सभा भरल्या. एकीकडे चौदा वर्षांसाठी भांडण आणि दुसरीकडे चोवीस वर्षांची वऱ्हाडातली मुलगी आपल्या पसंतीनं, शिक्षण पुरं करून बोहल्यावर उभी. एकाच काळात एकाच देशात किती अंतर असू शकतं, ते पाहा.

लग्नानंतर काय झालं? प्रेमाच्या कादंबऱ्या बहुतेक लग्नाशी संपतात. ही संपली नाही. कुसुमावतींनी नागपूरला कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं, कथा लिहिल्या. ‘दीपकळी’ हा त्यांचा कथासंग्रह १९३४ चा. अनिल न्यायखात्यात न्यायाधीश झाले, पुढे प्रौढांच्या समाजशिक्षणाच्या कामात गेले, कविता लिहीत राहिले. त्यांची ‘अजुनी रुसून आहे’ ही कविता कुमार गंधर्वांनी गायली, ती तुम्ही रेडिओवर ऐकली असेल. कुसुमावतींनी आकाशवाणीवर बायका-मुलांच्या कार्यक्रमांचं मोठं काम केलं. म्हणजे आज मी जिथून तुमच्याशी बोलते आहे, त्या रेडिओच्या वाटेवर आपल्या अमरावतीची एक लेक कधीच चालून गेली.

अनिल १९५८ साली मालवणच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुसुमावती १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. या संमेलनांची सुरुवात १८७८ साली झाली होती आणि पहिले अध्यक्ष होते न्यायमूर्ती रानडे, बायकोला शिकवणारे तेच रानडे. तिथून पुढे ८३ वर्षं त्या खुर्चीवर एकही बाई बसली नव्हती. पहिली बसली ती वऱ्हाडची. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला त्या गेल्या.

त्यांचं आणखी एक काम आपल्या विषयाचं आहे. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ नावाचा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. १८५० ते १९५० या शंभर वर्षांतल्या मराठी कादंबऱ्या वाचून त्यांचा इतिहास मांडला, कुठली कशी आहे ते तोलून पाहिलं. जी बाई शंभर वर्षांपूर्वी पुस्तकाला हात लावायला घाबरत होती, तिचीच नात जणू आता न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून पुस्तकांचा निवाडा करत होती.

त्या शतकात ना. सी. फडक्यांच्या प्रेमकथांनी मराठी वाचकांना वेड लावलं होतं. गोड भाषा, देखणे नायक-नायिका, चुटपुट लावणारी प्रेमं. चोरून वाचणाऱ्या मुली घरोघरी होत्या. पण त्याच काळात बायका स्वतः लिहू लागल्या आणि गोष्टीचा सूर बदलला. विभावरी शिरूरकर या टोपणनावानं १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा केवढा गहजब झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यात उघड लिहिलं होतं. आपल्या वऱ्हाडातल्या वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांची ‘निखळलेली हिरकणी’ १९३६ ची. फडक्यांच्या कादंबरीत प्रश्न असायचा, ‘दोघांचं जमेल का?’ या बायकांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘जमल्यावर बाईचं काय होतं?’

म्हणून मला वाटतं, प्रेमाच्या कादंबऱ्या जरूर वाचाव्यात. दिवसभर राबून आल्यावर दोन घटका हसू आलं तर काय बिघडलं? ‘पुस्तकं वाचून पोट भरते काय वं?’ असं कोणी म्हटलं तर सांगा, पोट भरत नाही, पण डोकं मोकळं होते. फक्त वाचताना मनात दोन-चार प्रश्न असू द्या. यातली नायिका काय कमावते? तिच्या हातात पैसा कोणाचा? ती ‘नाही’ म्हणाली तर नायक ऐकतो का? तिच्या मागं मागं फिरण्याला लेखक प्रेम म्हणतो का? ‘नाही’ म्हटल्यावरही पिच्छा पुरवणं हे प्रेम नाही, मग ते सिनेमात असो की गावच्या बसस्टँडवर.

आता खरं बोलू. कुसुमच्या घरी पुस्तकं होती, शिकवायची ऐपत होती. आपल्याकडे तसं नाही. मुलीच्या हातात फोन दिसला, कुणाचा मेसेज सापडला की पहिली गोष्ट काय होते? शाळा बंद. कॉलेज बंद. दोन महिन्यांत स्थळ पाहायला सुरुवात. आईच्या पोटात भीतीचा गोळा येतो, तो मी समजू शकते. गावाचं तोंड कोण धरणार? पण भीतीपोटी शाळा सोडवली तर फोनवरच्या मुलाचं काही जात नाही, मुलीचं सगळं जातं. कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय आज १८ आहे. तरीही कित्येक ठिकाणी ते वय म्हणजे जणू शेवटची तारीख मानतात.

कुसुमचं प्रेम निभावलं, त्यात नशीब असेलच. पण तिच्याकडे दोन गोष्टी होत्या, ज्या आपण आपल्या लेकीला देऊ शकतो. एक म्हणजे शिक्षण, जे प्रेमासाठी थांबलं नाही आणि प्रेमाच्या भीतीनंही थांबलं नाही. दुसरी म्हणजे वेळ. सात वर्षं नको, पण सात बैठका तरी? स्थळ घरच्यांनी आणलेलं असो की मुलीनं निवडलेलं, दोघांना बोलू द्या, प्रश्न विचारू द्या. आणि बोलून झाल्यावर ती ‘नको’ म्हणाली तर ते ‘नको’ ऐकायची तयारी आपली हवी. ते सगळ्यात जड जातं.

शेवटी एक काम सांगते. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्यातून सरकारी अनुदान मिळणारी वाचनालयं गावोगावी आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. तुमच्या गावात किंवा जवळच्या मोठ्या गावात असं वाचनालय आहे का, ते या आठवड्यात विचारा. वर्गणी किती, बायकांसाठी सोयीची वेळ कोणती, तेही विचारा. बचत गटाच्या नावानं महिन्याला चार-पाच पुस्तकं आणली, तर बैठकीत पैसे मोजून झाल्यावर एकीनं दहा पानं मोठ्यानं वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकायची. लेकींनाही बसवा. गोष्टीतल्या नायिकेबद्दल बोलता बोलता लेक स्वतःबद्दल काय बोलून जाते, तिकडे लक्ष असू द्या. त्या वेळी रागावू मात्र नका.

पुन्हा भेटू. नमस्कार.