'थेटिस'चे शेवटचे चोवीस तास

१ जून १९३९, सकाळ. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड गोदीतून 'थेटिस' ही नवी पाणबुडी चाचणीसाठी लिव्हरपूलच्या उपसागराकडे निघते. एरवी तिच्यावर ५३ जण असायचे. आज गोदीतले कामगार आणि नौदलाचे जादा अधिकारी धरून १०३ आहेत. पुढे जे घडलं त्यात या आकड्याचा वाटा फार मोठा आहे.

दुपारी ३. टॉर्पेडोच्या पाचव्या नळीचं समुद्राकडचं दार उघडं राहिलंय. आत पाणी आहे का हे सांगणारं बारीक छिद्र रंगाने बुजलेलं, त्यामुळे थेंबही येत नाही. नळी रिकामी समजून आतलं दार उघडतात आणि समुद्र आत घुसतो. पुढचे दोन कप्पे भरतात. पाणबुडी सुमारे ५० मीटर खोल तळाला टेकते.

संध्याकाळ. ऑक्सिजन अजून आहे. पण नुसता बसलेला माणूसही तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १०३ जणांचा मिळून बाराशे लिटरांवर. हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या मस्तिष्कमेरुद्रवात सहज शिरतो आणि पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल तयार करतो. रक्तात आम्लाला आवर घालणारी प्रथिनं भरपूर असतात. या द्रवात ती जवळजवळ नसतातच, म्हणून थोड्या वायूनेही त्याची आम्लता चटकन वाढते. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या पृष्ठभागालगत, काही पेशी याच आम्लतेवर पाळत ठेवून असतात. त्या श्वास वाढवायला लावतात. मोकळ्या हवेत त्यानेच जीव वाचतो, कारण वायू बाहेर पडून जातो. इथे सोडलेला श्वास फिरून छातीतच येत होता.

रात्र. मागचं टोक वर यावं म्हणून इंधन आणि पिण्याचं पाणी बाहेर सोडायची धडपड चालू आहे. कष्टाने वायू आणखी वाढतो, पण हात बांधून बसणार तरी कसं? हवेत हा वायू ३ टक्के झाला की श्वास जवळपास दुप्पट होतो. ५-६ टक्क्यांना धाप लागते. लंबमज्जा शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढतो. मेंदूतल्या वाहिन्या मात्र रुंदावतात आणि डोकं ठणकतं.

२ जून, सकाळी ८. मागचं टोक पाण्याबाहेर आलंय, 'ब्रेझन' या विनाशिकेला ते दिसलंय. कॅप्टन ओरॅम आणि लेफ्टनंट वूड्स सुटकेच्या कक्षातून वर येतात. मग चौघे एकदमच त्या कक्षात शिरतात. एकही वाचत नाही.

१० च्या सुमारास. आणखी दोघे, अर्नोल्ड आणि शॉ, वर येतात. त्यांच्यामागून कोणीच नाही. वायू १० टक्क्यांकडे जाऊ लागला की श्वासाला डिवचणारा तोच वायू मेंदूला गुंगी आणतो. सुटकेच्या कक्षाच्या झडपा कोणत्या क्रमाने उघडायच्या हे सरावलेल्या माणसालाही आठवत नाही. आत राहिलेल्यांच्या धैर्यावर शंका घेणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं.

दुपारी ३ नंतर. वर आलेल्या टोकाला बचावासाठी बांधलेला दोर तुटतो, 'थेटिस' पुन्हा बुडते. ९९ माणसं गेली.

त्याच उन्हाळ्यात, मृत कामगारांच्या संघटनांच्या वतीने, शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन चार साथीदारांसह पोलादी खोलीत तासन्‌तास स्वतःला कोंडून घेऊन बसले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. त्या खोलीत त्यांनी धाप आणि डोकेदुखी स्वतःच्या शरीरावर सोसली, आणि आतल्यांचा घात कार्बन डायऑक्साइडने कसा केला हे दुर्घटनेच्या चौकशीपुढे मांडलं.